जांभळी फीत

आमच्या साडूंनी आयुष्यात एकही लढाई पाहिलेली नाही, पण या देशानं केलेली एकही लढाई अशी नसेल जिच्या मेळाव्यातली जिलेबी त्यांनी खाल्लेली नाही. पासष्टची झाली, एकाहत्तरची झाली, बर्फातली झाली, वाळवंटातली झाली. नाशिकरोडपासून देवळाली कॅम्पापर्यंत कुठल्याही मंगल कार्यालयात चार माजी सैनिक जमून खुर्च्या मांडायला लागले, की साडूंना जेल रोडवर घरबसल्या त्याचा वास येतो. हेरखात्यानं त्यांच्या नाकाचा अभ्यास करावा असं माझं स्पष्ट मत आहे. लग्नाच्या आमंत्रणाला ते हमखास दांडी मारतात, सख्ख्या मेव्हण्याच्या वास्तुशांतीला मधुमेहाचं कारण सांगतात, पण माजी सैनिकांचा मेळावा म्हटला की हा माणूस पहाटे दाढी करून, निळा कोट चढवून माझ्या दारात उभा. माझ्याच दारात, कारण गाडी माझ्याकडे आहे आणि त्यांना गाडी चालवता येत नाही. "पाहुणे, निघायचं?" असं विचारतात खरं, पण तो प्रश्न नसतो.

हे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभी नोकरी पालिकेच्या पाणीपुरवठ्यात काढली. हातात ती लांब लोखंडी चावी घेऊन सायकलवरून फिरायचं आणि गल्लोगल्लीचे व्हॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे, एवढंच त्यांचं काम. पण ते काम त्यांनी असं केलं की सीमेवरची चौकी सांभाळत असावेत. त्यांच्या सायकलची घंटी वाजली की जेल रोडच्या बायका घड्याळं लावून घ्यायच्या, आणि घड्याळवाल्यानं दुकान बंद करून भेळेची गाडी टाकली ती याच कारणानं, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. कुणी आजवर खोडून काढलेलं नाही. चेहरामोहराही देवानं फौजेचाच दिला. पांढरी शुभ्र, कातरलेली मिशी, ताठ पाठ, बुटात तोंड दिसेल असं पॉलिश. खऱ्या सुभेदारांनी त्यांना समोरून येताना बघून पोटं आत ओढलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहेत.

आता या माणसाला छंद कसला, तर मेळाव्यात छातीला लावतात त्या बिल्ल्यांचा आणि फितींचा. त्याची सुरुवात झाली ती एका कार्यालयाच्या टाकीत पाणी चढत नाही म्हणून साडूंना तपासायला पाठवलं तेव्हा. टाकी तपासून खाली उतरले तर मेळावा नुकताच संपलेला. पंगती उठलेल्या, झाडूवाली बाई झाडत होती, आणि खरकट्या पत्रावळींच्या ढिगात, वरणात भिजलेली, एक तिरंगी फीत पडलेली. साडूंनी ती उचलली, नळाखाली धुतली आणि खिशात घालून घरी आणली. आक्कांना, म्हणजे माझ्या मेव्हणीला, त्यांनी एवढंच सांगितलं, "ज्या छातीवर ही होती ती छाती घरी गेली. मग ही कचऱ्यात का?" त्या रात्री फितीला रिठ्याच्या पाण्यात बुडवलं, सकाळी इस्त्री फिरवली. आक्कांचं म्हणणं असं की त्यांच्या लग्नाच्या शालूला या माणसानं कधी इस्त्रीचं बोट लावलेलं नाही.

तेव्हापासून दिवाणखान्याची एक अख्खी भिंत निळ्या मखमलीनं झाकलेली आहे आणि तिच्यावर बिल्लेच बिल्ले. गोल, चौकोनी, तोफेच्या आकाराचे, कमळासारख्या चुण्या घातलेल्या फितींचे. भाचीला, म्हणजे साडूंच्या मुलीला, बघायला पिंपळगाव बसवंतची मंडळी आली, द्राक्षांचे मोठे व्यापारी, तर साडूंनी कांदेपोहे यायच्या आधीच त्यांना भिंतीसमोर उभं केलं आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मुलाच्या वडिलांना तिसऱ्या ओळीपर्यंत घाम फुटला. आपण देशासाठी काहीच केलं नाही असं त्यांना इतकं मनापासून वाटलं, की सोयरिकीचं न बोलताच ते उठून गेले. भाचीचं पुढं चांगलं झालं, पण आक्कांनी त्यानंतर पाहुणे आले की मखमलीवर चादर टाकायचा नियम केला.

बिल्ला मागायची त्यांची एक रीत होती. कार्यक्रम संपेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. मग एखाद्या म्हाताऱ्या जवानापाशी जाऊन, तीर्थ घ्यायला करतात तशी ओंजळ पुढं करायची आणि म्हणायचं, "साहेब, घरी नेणार असाल तर न्या. टाकणार असाल तर मला द्या." बहुतेक जण देतात. "तुमची पलटण कोणती?" असं कुणी विचारलं तर साडू खरं तेच सांगतात, "पाणीपुरवठा." एका कर्नलसाहेबांना ती फौजेचीच एखादी शाखा वाटली आणि त्यांनी साडूंचा हात खांद्यापासून निखळेल इतका हलवला. अशा वेळी मी काय करतो विचाराल, तर मी तीन ओळी मागं बसून छताचे पंखे मोजतो. या माणसाशी आपलं नातं आहे हे कुणाला कळू नये एवढीच माझी त्या कार्यालयातल्या देवापाशी प्रार्थना असते. एकदा त्यांनी लांबून "पाहुणे" म्हणून हाक मारली तर मी शेजारच्या अनोळखी गृहस्थाकडे बघून म्हणालो, "तुम्हाला बोलावतायत."

पण एक सांगायला हवं. स्वतःच्या छातीला त्यांनी कधी बिल्ला लावला नाही. दारात एनसीसीची मुलं पिना घेऊन उभी असतात, ती पुढं आली की साडू हात आडवा धरून बाजूनं निघून जायचे. मी एकदा म्हटलं, लावा की एखादा, कोण बघतंय. तर मला गाडीत बसवून नियम समजावला. "पाहुणे, डावीकडं स्वतःचं. बाप, भाऊ, नवरा, कुणी आपलं माणूस गेलेलं असेल तर त्याचं उजवीकडं. मला दोन्ही बाजू नाहीत. मला खिसा."

सगळ्या मखमलीवर एकच जागा रिकामी होती. तोफखान्याची एक जुनी तुकडी, जी पुढं दुसऱ्या तुकडीत मिसळून गेली, तिची फीत जांभळी, मधून एक पिवळी रेघ. ती काही साडूंना मिळत नव्हती. कुणीतरी सांगितलं, इगतपुरीला त्या तुकडीतले एक जण आहेत, फौजेनंतर रेल्वेत होते. झालं, काढा गाडी. भर पावसाळ्यात घाटमाथ्यावरच्या त्या घरात ढग पुढच्या दारानं येऊन मागच्या दारानं जात होते. म्हातारबुवा खाटेवर बसलेले, शेजारी खिळ्याला ती फीत लटकलेली. साडूंनी ओंजळ करून मागितली. म्हातारबुवा हसले, मान डोलावली आणि आत हात करून सुनेला चहा आणायला सांगितलं. सून दारातूनच कपबशा सरकवून आत गेली. चहा झाला. साडूंनी पुन्हा विषय काढला. पुन्हा हसणं, पुन्हा चहा. तिसऱ्या खेपेला मीच साडूंचा कोट ओढला. परत येताना म्हटलं, म्हातारा भलता बिलंदर, नाही न म्हणता नाही म्हणाला. साडू म्हणाले, "त्यांचीच आहे. नाही देणार तर नाही देणार." आणि मग कसाऱ्याकडून येणाऱ्या मालगाडीचे डबे बघत बसले.

ही गोष्ट झाल्यावर जो हिवाळा आला, त्यातल्या मेळाव्याची आठवण झाली की अजून माझे कान गरम होतात. मेळावा मोठा होता, सगळ्या तुकड्यांचा मिळून. दारातच टेबल, टेबलावर ताटं, एकेका ताटात एकेका तुकडीच्या फिती. येणारा माणूस आपल्या तुकडीच्या ताटाकडे बोट करायचा आणि एनसीसीची मुलगी त्यातली फीत त्याच्या छातीला लावायची. गर्दी एवढी की कुणी कुणाला नाव विचारत नव्हतं. साडू नेहमीसारखे हात आडवा धरून निघालेच होते, तेवढ्यात त्यांना कडेच्या ताटात ती जांभळी फीत दिसली. त्या ताटातली एकही उचललेली नव्हती. एवढी वर्षं जिच्यामागं फिरले ती अशी ढिगानं समोर. साडूंचं बोट आपसूक तिकडं गेलं. काही मागायला नव्हे हो, लहान मूल चंद्राकडे करतं तसं. पण त्या टेबलापाशी बोटाचा अर्थ एकच होता. मुलीनं फीत उचलली आणि डाव्या छातीला लावूनही टाकली. कडक सलाम ठोकला आणि पुढच्या माणसाकडे वळली. तिच्या वयाला साठीच्या पुढचे सगळे म्हातारे सारखेच.

लगेच काढायला हवी होती. काढतो म्हणाले आणि हात धुवायच्या बेसिनवर गेले, तिथं आरसा. मी बाहेर उभा. आरशासमोर साडू बराच वेळ उभे होते. मिशीवरून बोट फिरवलं, कोट खाली ओढला. बाहेर आले तेव्हा फीत होती तिथंच होती. "बसेपर्यंत राहू द्या," मला म्हणाले, माझ्याकडे न बघता. मी अर्थातच तीन ओळी मागं गेलो.

आणि निवेदकानं हजेरी सुरू केली. एकेका तुकडीचं नाव घ्यायचं, त्या फितीच्या माणसांनी उभं राहायचं, सभागृहानं टाळ्या वाजवायच्या. कुठं वीस उठत, कुठं पाच. जांभळ्या फितीच्या तुकडीचं नाव आलं आणि कुणीच उठलं नाही. निवेदक पुढं जाणार, तेवढ्यात साडूंच्या शेजारच्या गृहस्थाची नजर त्यांच्या छातीवर गेली. "अहो, उठा की," म्हणून त्यानं कोपर मारलं. मागच्यानं खांदा धरून वर केलं. साडू मान हलवत होते, पण लोकांना वाटलं म्हातारा लाजतोय. उभे राहिले. अख्ख्या तुकडीत उरलेला हा एकटा, असं सगळ्यांनी आपापल्या मनात ठरवून टाकलं आणि टाळ्यांचा जो कडकडाट झाला तो गंगापूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर होत नसेल. व्यासपीठावरचे साहेबसुद्धा उठले. निवेदक माइक घेऊन पायऱ्या उतरला.

तो पोचायच्या आत बायकांच्या बाजूनं एक म्हातारी खुर्च्यांमधून वाट काढत आली. नऊवारी, हातात कापडी पिशवी. निफाडकडच्या खेड्यातली. तिचा नवरा त्याच तुकडीत तोफेवर होता. लढाईहून परत आल्यावर लग्न झालं, पुढं काही वर्षांनी नोकरीत असतानाच आजारानं गेला. तिला व्यासपीठावर कुणी कधी बोलावलं नव्हतं, कारण तो लढाईत पडला नव्हता. तरी ती दरसाल एसटीनं यायची. हे सगळं मागाहून कळलं. तेव्हा तिनं साडूंच्या समोर उभं राहून नवऱ्याचं नाव सांगितलं आणि विचारलं, "साहेब, तुमी वळखत असाल त्यांना. घरी ते कधी बोललेच नाय. सुट्टीवर यायचे, जेवायचे, भिताडाकडं बघत बसायचे. तितं बोलायचे का हो?"

मी तोवर तीन ओळी ओलांडून पुढं आलो होतो. माझ्यासारख्या माणसाला अशा वेळी काय सुचतं ते सांगायला नको. हो, पोपटासारखे बोलायचे, तुमची फार आठवण काढायचे, हे सगळं माझ्या जिभेवर तयार होतं आणि मी साडूंना डोळ्यांनी खुणावतही होतो. पण निवेदकाचा माइक साडूंच्या तोंडापाशी येऊन ठेपला आणि सबंध सभागृहाला त्यांचा आवाज ऐकू गेला.

"ताई, मी फौजेत नव्हतो. मी पाणीपुरवठ्यात होतो."

मग पाठीमागून कुणीतरी फिस्सकन हसलं. पुढच्या ओळीतल्या एका हवालदारांनी तिथूनच विचारलं, "मग उभा कशाला राहिलास?" पॉलिश केलेल्या बुटांकडे बघत ते पिनेशी झटापट करत होते, पण पीन काही निघेना. शेवटी त्या बाईनंच ती काढली. त्यांच्या ओंजळीत फीत ठेवली. साडू म्हणाले, तुम्हीच ठेवा. ती म्हणाली, "ही माझी बी नाय आन तुमची बी नाय. ज्या ताटातली हाय तितं ठिवा." दोन पावलं गेली आणि परत वळली. "खरं बोलला ते बरं केलं, भाऊ. हो म्हणाला असता तर मी खरं धरून बसले असते."

साडू 'साहेब' होते ते 'भाऊ' झाले, पण ती पदवी त्यांना त्या दिवशी पेलवेना. फीत ताटात परत ठेवली आणि जेवायला थांबले नाहीत. वाटेत मी त्यांच्या आवडीच्या मिसळीपाशी गाडी थांबवली तर उतरलेच नाहीत. एरवी जेल रोड येईपर्यंत ज्यांचं तोंड बंद होत नाही, ते खिडकीकडे तोंड करून बसले. आक्कांना घरी पोचल्यावर कळलं, कारण साडूंनी स्वतःच मखमलीवर चादर टाकली आणि नंतर कितीतरी महिने काढली नाही. मेळाव्यांची पत्रकं येत, ते दुमडून ठेवत. कोट कपाटात गेला. संध्याकाळी फिरायलाही ते मागच्या गल्लीतून जायला लागले. मी नेहमीच्या थाटात एकदोनदा थट्टा करून पाहिली, पण समोरचा माणूस रागावत नाही म्हटल्यावर थट्टेला पायच उरत नाहीत.

पुढचा पावसाळा निम्मा सरला आणि एक दिवस सकाळी साडू दारात. दाढी केलेली, पण साधा सदरा. "पाहुणे, इगतपुरीला जायचं. आधी निफाडकडं जाऊन ताईंना घ्यायचं." मी म्हटलं, अहो ते पूर्वेला, हे पश्चिमेला. तर म्हणाले, "माहितीये." इगतपुरीच्या म्हाताऱ्याची आठवण त्यांना मेळाव्यातच झाली होती, बाईचं गावही त्यांनी त्याच दिवशी आयोजकांच्या टेबलावर विचारून घेतलं होतं. एवढे महिने गेले ते तिला तोंड दाखवण्याचं बळ गोळा करण्यात. बाई मात्र कसलेच आढेवेढे न घेता पिशवी घेऊन गाडीत बसली. सगळ्या रस्त्यानं मी एकटाच द्राक्षांच्या भावावर व्याख्यान देत राहिलो.

म्हातारबुवा त्याच खाटेवर होते. साडूंनी सगळी हकीकत सांगितली. म्हातारबुवा हसले, मान डोलावली आणि आत हात केला. चहा. मी कपाळाला हात लावणार, तेवढ्यात सून कपबशा घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, त्यांना ऐकू येत नाय. कानात वरडावं लागतं." साडू माझ्याकडे बघायला लागले, मी साडूंकडे. मागच्या खेपेला तीन कप चहा पिऊन आम्ही ज्याला नकार समजलो होतो, तो नकार नव्हताच. त्या माणसाला आमचा एक शब्द पोचला नव्हता. दारात पाहुणे आलेत एवढंच त्याला दिसलं होतं, आणि त्यानं त्याच्या परीनं पाहुणचार केला होता.

सुनेनं कानाशी तोंड नेऊन बाईच्या नवऱ्याचं नाव घेतलं. म्हातारबुवांचा चेहरा असा उजळला की खोलीतला ढग जरा बाजूला झाला. "बोलायचा का? अहो लय बोलायचा. जेवायला बसलो की आमाला हसवून हसवून ठसका लावायचा. मंग कान गेले ना." तेही मोठ्यानं बोलत होते, शेजारच्या घरात ऐकू जाईल इतकं. "तोफंवर सगळ्यांचेच जायचे. आदी कानात शिट्टी वाजती, मंग काय नाय. सायबाला सांगितलं का नोकरी गेली. म्हणून कुनाला सांगायचं नाय असं ठरलं होतं. वठांकडं बघून हां साब म्हणायचो. तो तर लगीन झाल्यावर पार गप झाला. मला म्हणला, बायकोपाशी आपन वरडतोय का कुजबुजतोय तेच कळत नाय, ती काय म्हनल. म्हणून बोलतच नाय."

बाई खाटेच्या कडेला बसली होती. पिशवीचे बंद तिनं बोटाभोवती गुंडाळले, सोडले.

"मी हळू बोलायची हो," ती म्हणाली. "सासूबाईंनी शिकवलं व्हतं, बाईचा आवाज उंबऱ्याभाईर जाऊ नाय. नवऱ्याशी बोलायचं तर त्याहून हळू. पदर घेऊन, मान खाली घालून."

सून पदराच्या टोकाशी चाळा करत उभी राहिली. साडू भिंतीकडे वळले. म्हातारबुवांनी आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. ती काय म्हणाली ते त्यांना कळलं नव्हतं. "चहा?" त्यांनी मोठ्यानं विचारलं.

निघताना सुनेनं त्यांच्या कानात साडूंची जुनी मागणीही घातली. "मंग बोलायचं की मोठ्यानं," म्हातारबुवा म्हणाले आणि खिळ्यावरची फीत काढून त्यांनी साडूंच्या ओंजळीत टाकली. साडूंनी ती क्षणभर धरली. मखमलीवरची ती जागा मला डोळ्यांसमोर दिसत होती, त्यांना तर दिसतच असणार. मग त्यांनी ओंजळ तशीच वळवून बाईच्या हातात रिकामी केली आणि फक्त उजव्या खांद्याच्या खाली बोट दाखवलं.

या वर्षीच्या मेळाव्याला यायला साडू तयार नव्हते. आक्कांनी कोट इस्त्री करून समोर ठेवला तेव्हा आले. दारातल्या टेबलापासून हातभर लांबून, दोन्ही हात पाठीमागं बांधून आत शिरले. मागच्या वर्षीच्या हवालदारांनी ओळखलं आणि शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. साडूंची मान खाली गेली. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. पंखे किती होते ते सांगता येणार नाही.

हजेरीत जांभळ्या फितीच्या तुकडीचं नाव आलं. साडूंनी खुर्चीचे हात दोन्ही मुठींत घट्ट धरले. बायकांच्या बाजूला ती उठली. उजवीकडं फीत, पदर खांद्यावर, मान वर. आणि ओरडली, "हाय, हजर हाय!" व्यासपीठावरच्या साहेबांच्या कपातला चहा बशीत सांडला असेल, इतक्या मोठ्यानं. टाळ्या जरा उशिरानंच सुरू झाल्या.

कार्यक्रम संपल्यावर ती आमच्यापाशी आली. "आलं का ऐकू?" तिनं विचारलं. पण ती आमच्याकडे बघत नव्हती, आमच्या डोक्यांवरून पलीकडे कुठंतरी बघत होती. साडूंनी घसा साफ केला आणि सांगितलं, "आलं, ताई."

भिंतीवरची चादर आता निघाली आहे. ती एक जागा रिकामीच आहे. साडू फितींची धूळ झटकताना तिच्यावरूनही एकदा हात फिरवतात.